जोडीदाराचे ऋण

इंदूर शहरात कान्ह नदीच्या काठी लालबाग नावाचा होळकरांचा राजवाडा आहे. १८८६ साली त्याच्या बांधकामास आरंभ झाला आणि टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन १९२१ साली, तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकीर्दीत, ते पुरे झाले. आत युरोपीय धाटणीचे दिवाणखाने, संगमरवरी खांब आणि रंगविलेली छते. बाहेर विस्तीर्ण उद्यान. आणि ह्या सर्वांच्या राखणीस लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या नमुन्याबरहुकूम विलायतेत घडवून आणलेले भव्य लोखंडी दरवाजे. ज्या काळी हे दरवाजे उभे राहिले, त्या काळी त्यांच्या आत पाऊल टाकण्याचा अधिकार मोजक्यांनाच होता. आता संस्थान गेले, राजवाडा लोकांचा झाला आणि माळवा उत्सवासारखे सोहळे त्याच आवारात भरू लागले.

ह्या लालबागेच्या परिसरात एका सकाळी आम्ही काही मुलामुलींचा सराव पाहत उभे होतो. दोघेदोघे समोरासमोर उभे राहिले होते. एकाने डावीकडे झेप घेतली की दुसऱ्याने त्याच क्षणी तिकडेच झेपावयाचे; तो थबकला की थबकावयाचे; त्याने हूल दिली तर फसावयाचे नाही. थोड्या वेळाने एकाच्या कमरेस पट्टा बांधून दुसऱ्याने तो मागून धरला आणि पुढच्याने त्या ओढीविरुद्ध धावण्याचा यत्न केला. मग पाठलाग सुरू झाला. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, “ही नवी विलायती पद्धत. ह्याला पार्टनर ड्रिल म्हणतात.” आम्ही मान डोलावली, पण मनातून ते शब्द काही केल्या जाईनात. राजवाड्याचे दरवाजे विलायतेहून आले हे खरे. परंतु त्या मुलांच्या पायांतील विद्याही तेथूनच आली काय? ज्या भूमीवर होळकरांच्या घोडेस्वारांनी वेगाचीच उपासना केली, त्या भूमीवर तरी हा प्रश्न सहज सोडून देण्याजोगा नव्हे. त्याचा मागोवा घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

प्रथम ह्या सरावाचे मर्म काय ते पाहू. वेग आणि चपळाई हे शब्द आपण जोडीने उच्चारतो, तथापि त्यांत भेद आहे. सरळ रेषेत धावणारा मुलगा वेगवान असेल. पण समोरचा मनुष्य कोणीकडे वळतो हे पाहून तत्क्षणी आपली दिशा बदलणारा तोच खरा चपळ. २००६ साली शेपर्ड आणि यंग ह्या अभ्यासकांनी चपळाईची व्याख्या करताना नेमके ह्याच गोष्टीवर बोट ठेवले. बाहेरून एखादी खूण मिळताच सर्व शरीराने गती किंवा दिशा झटकन बदलणे म्हणजे चपळाई, असा त्या व्याख्येचा आशय आहे. मैदानात खुंट्या रोवून त्यांच्यामधून नागमोडी धावण्याने पाय तयार होतात, पण खुंटी कधी हूल देत नाही. कोठे वळावयाचे हे आधीच ठाऊक असल्यामुळे डोळा आणि बुद्धी निजूनच राहतात. डोळ्यांनी खूण पाहिल्यापासून शरीर हलू लागेपर्यंत साधारणतः सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. हा अवधी मुळातून फारसा आटवता येत नाही. परंतु समोरच्याच्या खांद्याची किंवा कमरेची हालचाल ओळखून त्याचा बेत आधीच ताडण्याची कला मात्र शिकता येते. आणि ती शिकावयाची तर समोर जिवंत माणूसच हवा.

हे ज्ञान शास्त्राच्या भाषेत अलीकडे मांडले गेले असले, तरी व्यवहारात ते आपल्या पूर्वजांस पक्के ठाऊक होते. होळकरांचे मूळ पुरुष मल्हारराव (१६९३ ते १७६६) ह्यांची कीर्ती मुख्यतः घोडदळाच्या वेगवान हालचालींमुळे झाली. अवजड तोफखाना आणि लवाजमा घेऊन चालणाऱ्या शत्रूस गाठावयाचे, झोंबावयाचे आणि तो सावध होण्यापूर्वी दिसेनासे व्हावयाचे, ही मराठ्यांची युद्धरीती. तीत स्वाराला आणि घोड्याला क्षणात वळता आले पाहिजे. ह्यासाठी मराठी स्वारांत बोथाटीचा खेळ रूढ होता. बोथाटी म्हणजे टोकाशी कापडाचा गोळा बांधून बोथट केलेला भाला. दोन स्वारांनी मोकळ्या मैदानात उतरावे, एकाने दुसऱ्यावर चालून जावे, दुसऱ्याने घोडा वळवून वार चुकवावा आणि संधी साधून उलट पाठ धरावी. जखम कोणास होत नसे. शिकवण मात्र दोघांस मिळत असे. लालबागेत आम्ही जो पाठलाग पाहिला, त्यात घोडा आणि भाला तेवढे नव्हते.

ह्या विद्येचे फळ इतिहासाने पुढे पुष्कळदा पाहिले. १८०४ साली कर्नल मॉन्सनची इंग्रज फौज मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत माघार घेत असता यशवंतराव होळकरांच्या स्वारांनी भर पावसाळ्यात तिची पाठ पुरविली, आणि त्या फौजेची जी दैना झाली ती इंग्रज लेखकांनीही लपविली नाही. पण अवघ्या चौदा वर्षांत पारडे फिरले. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला, होळकरांची स्वतंत्र सत्ता संपली आणि इंदूर हे एका मांडलिक संस्थानाची राजधानी झाले. त्याच वर्षी पुण्याची पेशवाईही बुडाली. जी चपळाई रणांगणावर पोट भरीत होती, तिला आता रणांगणच उरले नाही.

मग ती गेली कोठे? आमच्या मते ती आखाड्यात आली, किंवा असे म्हणू या की, आखाड्यात ती पूर्वीपासून होतीच आणि आता तोच तिचा एकमेव आश्रय झाला. तरवारीच्या जागी गदगा आला. फरीगदग्याच्या खेळात एका हाती चामड्याची लहानशी ढाल म्हणजे फरी, आणि दुसऱ्या हाती कातडे मढविलेली काठी म्हणजे गदगा. दोघांनी समोरासमोर उभे राहून एकमेकांस स्पर्श करण्याचा आणि दुसऱ्याचा स्पर्श चुकविण्याचा यत्न करावयाचा. ह्यात हाताइतकेच, किंबहुना हातापेक्षा अधिक, काम पायांचे असते. पायांच्या त्या ठेवणीस पवित्रा म्हणत. आज वर्तमानपत्रे एखाद्या पुढाऱ्याने कोणता पवित्रा घेतला ते छापतात. डाव टाकणे, हूल देणे, चीत करणे, तोडीस तोड हे शब्द आपण घरीदारी वापरतो. आखाडे विरळ होत गेले, परंतु त्यांची भाषा आपल्या जिभेवर नांदते आहे. आणि ही सारी भाषा दोघांची आहे, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एकट्याला पवित्रा घ्यावा लागत नाही आणि हूल द्यावयास कोणी नसतो.

येथे कोणी म्हणेल की आपल्या व्यायामात मल्लखांबही आहे, आणि तो तर एकट्याचाच. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर ह्याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या स्तंभावरील व्यायामाचा उल्लेख येतो. पुढे लुप्तप्राय झालेल्या ह्या विद्येस दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी नवे जीवन दिले. निजामाच्या राज्यातून आलेल्या दोन बलाढ्य मल्लांचे आव्हान स्वीकारण्यापूर्वी दादांनी हा व्यायाम सिद्ध केला, अशी परंपरा सांगते. ज्या माळव्यात लालबाग उभी आहे, त्याच माळव्यात उज्जैन हे मल्लखांबाचे मोठे केंद्र झाले, आणि २०१३ साली मध्य प्रदेश शासनाने मल्लखांबास राज्यक्रीडेचा मान दिला. पण खांबाचे नावच पाहावे. मल्लाचा खांब तो मल्लखांब. म्हणजे प्रतिमल्लाच्या जागी उभा केलेला लाकडी सोबती. त्याच्या मानेस मान म्हणावे, त्याच्या अंगास अंग म्हणावे, त्याला पकडीत घ्यावे आणि त्याच्यावर डाव घोटावेत. खांब शरीरास लवचिकपणा देतो, पकड बळकट करतो, धीर चेपतो. तो उलट डाव मात्र करीत नाही. म्हणूनच खांबावरचा मल्ल अखेर मातीत उतरत असे. खांब ही जोडीदाराकडे नेणारी पायरी होय. त्याला जोडीदाराची जागा कोणी दिली नाही.

आता त्या मातीकडे वळू. तालमीच्या हौद्यातील माती म्हणजे रस्त्यावरची धूळ नव्हे. तेल, ताक, हळद, लिंबू, काव अशा पदार्थांनी ती मऊ आणि आरोग्यदायी राखलेली असते. पठ्ठे लंगोट कसून उतरतात, मारुतीस नमस्कार करतात, मातीस हात लावून तो कपाळी नेतात आणि वस्तादाच्या खुणेसरशी जोड्या लागतात. प्रथम खडाखडी होते. हात हातांत गुंततात, सुटतात. एकजण दुसऱ्याच्या मानेवर हात टाकून त्याचा तोल कोठे आहे ते चाचपतो. मग पट काढण्याचा यत्न, ढाक, एकलंगी, धोबीपछाड. प्रत्येक डावास तोड असते आणि दोन्ही एकाच वेळी शिकविली जातात. एक डाव शिकतो तेव्हा त्याचा जोडीदार तोड शिकतो, आणि पुढच्या फेरीस कामे उलटतात.

ह्या रीतीत एक सूक्ष्म नियम दडलेला आहे. सरावात जोडीदारास पाडावयाचे नसते. त्याला घडवावयाचे असते. नवख्या मुलाशी लढताना जाणत्या पठ्ठ्याने आपली ताकद मोजून लावावी. इतकी कमी नको की नवख्यास फुकटचा जय मिळावा, आणि इतकी जास्तही नको की त्याची उमेद खचावी. वस्तादाची खरी परीक्षा जोड लावण्यात होत असे. वय, वजन, उंची आणि स्वभाव पाहून त्याने दोघे निवडावयाचे. आणि आठवड्यातून कधी मुद्दाम भारी जोड द्यावयाची, म्हणजे गर्व उतरतो. बाकीचे पठ्ठे काठावर बसून पाहत, आणि आपली पाळी येईतो दम घेत. ह्यालाही आजच्या शास्त्राचा दुजोरा आहे. अत्यंत वेगाच्या श्रमास लागणारा स्नायूंतील तयार साठा सुमारे दहा सेकंदांतच बहुतांशी सरतो, आणि तो पुरता भरून यावयास काही मिनिटे लागतात. वेग वाढवावयाचा असेल तर थोडे पळावे, जिवाच्या आकांताने पळावे आणि भरपूर विसावावे. काठावर बसण्याची ती पाळी आळसासाठी नव्हती.

अशा मातीतून काय निपजले ते सर्वश्रुत आहे. मध्य भारतातील दतिया संस्थानाशी ज्याचे नाव निगडित आहे तो गामा पहिलवान रोज चाळीस सोबत्यांशी लढत असे, असे सांगतात. १९१० साली लंडनमध्ये पोलंडचा झ्बिस्को त्याच्यापुढे अडीच तासांहून अधिक काळ चिवटपणे टिकून राहिला. १९२८ साली पतियाळ्यास पुन्हा गाठ पडली तेव्हा गामाने पन्नाशीच्या उंबरठ्यावर असता त्याच झ्बिस्कोस मिनिट पुरे होण्याच्या आत चीत केले. हा केवळ बळाचा जय नव्हे. समोरच्याचा बेत त्याच्या हातापायांच्या आधी ओळखणाऱ्या नजरेचा तो जय होता. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव शरीराने लहानखुरे. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते मातीऐवजी गादीवर उतरले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचे भांडवल वजनाचे नव्हते. ते चपळाईचे होते. आणि आमच्या इंदूरचे कृपाशंकर बिष्णोई, जे पटेल ह्या नावानेही ओळखले जातात, ह्यांना कुस्तीसाठी अर्जुन पुरस्कार लाभला. पुढे २०१६ च्या ‘दंगल’ चित्रपटातील नटनट्यांना त्यांनीच कुस्तीचे धडे दिले. पडद्यावरची लटकी कुस्तीदेखील जोडीदारावाचून शिकता येत नाही, हे त्या निमित्ताने पुष्कळांस कळले असेल.

हे सर्व मारुतीच्या साक्षीने चालत आले, ही गोष्ट आमच्या वाचकांस वेगळी सांगावयास नको. समर्थ रामदासांनी सातारा, सांगली आणि कोल्हापूर ह्या भागात अकरा मारुती स्थापिले, आणि मारुतीपुढे मोकळी जागा, मोकळ्या जागेत आखाडा ही गावागावांतील ओळखीची रचना झाली. मारुती हा बलाचा देव, पण त्याचे बल कधी एकट्यासाठी खर्ची पडलेले नाही. समुद्र ओलांडला तो दुसऱ्यासाठी, आणि आपल्या शक्तीची आठवणही त्याला जांबवंताने करून दिली तेव्हाच झाली. ज्याला स्वतःच्या बळाचा विसर पडला आहे त्यास त्याची आठवण करून देणारा सोबती हवा, असा ह्या कथेचा अर्थ आम्ही घेतो. आखाड्यातील जोडीदाराचे काम हेच आहे.

आखाड्याबाहेर मैदानी खेळांतही हीच विद्या पसरली. आट्यापाट्यांत पाटी धरणारा आणि ती ओलांडू पाहणारा समोरासमोर येतात. एक जसा सरकेल तसा दुसरा सरकतो, आणि ज्याचा तोल क्षणभर चुकेल तो फसतो. लालबागेत आम्ही पाहिलेला समोरासमोरचा सराव ह्याहून निराळा नाही. खोखोत तर आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांस तोंडे करून बसतात आणि नववा धावतो. धावणाऱ्यास मागे वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. त्याची दिशा आणि दम संपला की त्याने बसलेल्या सोबत्यास मागून खो द्यावा आणि आपला वेग त्याच्या स्वाधीन करावा. व्यवहारात खो घालणे म्हणजे विघ्न आणणे असा अर्थ झाला आहे. मैदानावर मात्र खो हे दान आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ह्या खेळास नियमांची चौकट दिली. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायाम आणि खेळ युरोपास दाखविले. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खोखोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा पुरुष आणि महिला ह्या दोन्ही गटांत भारताने नेपाळला हरवून चषक जिंकला. दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राकडे होते: पुरुषांचे प्रतीक वाईकर ह्यांच्याकडे आणि महिलांचे प्रियांका इंगळे ह्यांच्याकडे.

महिलांचे नाव निघाले म्हणून आणखी एका परंपरेची आठवण करणे अगत्याचे आहे. तालमीचे दार मुलींस बंद होते, तथापि त्यांनी आपली जोड घरातच शोधली. श्रावणात मंगळागौर जागविताना, गोव्यात चवथीच्या दिवसांत गणपतीपुढे, मुली आणि सुना फुगडी घालतात. दोघींनी पायांची बोटे जवळ आणून हातांची तिढी घालावयाची, मागे रेलावयाचे आणि गरगर फिरावयाचे. येथे दोघींचा मिळून एकच तोल असतो. एकीचे वजन दुसरीस तोलून धरते; एकीने हात सोडला तर दोघीही पडतात. वेग वाढतो तो परस्परांवरच्या विश्वासाच्या प्रमाणात वाढतो. वारीच्या वाटेवर वारकरी स्त्रीपुरुषही वयाचा विसर पडून फुगडी धरतात. आणि गोव्याच्या शिगम्यात गोफ विणणारे गडी हाती रंगीत दोर घेऊन एकमेकांच्या आडून जातात, गोफ विणतात आणि उलट पावलांनी तो उलगडतात. एकाचे पाऊल चुकले तर गाठ साऱ्यांची पडते. आम्ही ह्यांस केवळ करमणूक मानीत आलो. वस्तुतः पायांची चपळाई, नजरेची जाग आणि सोबत्याविषयीची जबाबदारी ह्यांचे ते शिक्षण होते, आणि ते देवापुढे दिले जात होते.

परंतु पूर्वजांची थोरवी गाताना त्यांचा दोष झाकणे हे इतिहासलेखकाचे काम नव्हे. जोडीच्या व्यायामात अंगास अंग लागते. म्हणून कोणाची जोड कोणाशी लावावयाची, हा प्रश्न वजनाउंचीपुरता कधीच राहिला नाही. कित्येक गावांत देवळापुढच्या आखाड्यात गावकुसाबाहेरच्या मुलास पाऊल टाकता येत नव्हते. त्याच्या ठायी वेग नव्हता असे नाही. त्याला जोडीदार नाकारला गेला होता. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांस उघडावे म्हणून साने गुरुजींस १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, ह्यावरून ही कवाडे किती जड होती ते कळेल. लालबागेचे लोखंडी दरवाजे आणि आपल्या मनाचे दरवाजे ह्यांत अधिक मजबूत कोणते, असा प्रश्न आम्हांस पडतो.

तथापि त्याच आखाड्याने मार्गही दाखविला आहे. बडोद्यास जुम्मादादा नावाच्या मुसलमान उस्तादाने आपली विद्या आणि आपली तालीम माणिकराव ह्या हिंदू शिष्याच्या स्वाधीन केली. राजरत्न माणिकरावांनी पुढे तिचा लौकिक देशभर पसरविला आणि गुरूचे नाव त्या व्यायाममंदिरावर अखंड ठेवले. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध करून आखाड्याची विद्या ग्रंथात उतरविली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधून मल्लांस राजाश्रय दिला, आणि जातिभेदाविरुद्धच्या त्यांच्या कार्याची ओळख करून देण्याची गरज नाही. जो हात दुसऱ्याच्या मानेवर पडतो, त्याला स्पर्शास्पर्श पाळता येत नाही. आखाड्याचा हा स्वाभाविक धर्म ज्यांनी ओळखला त्यांनी विद्या वाढविली. ज्यांनी नाकारला त्यांनी आपल्याच मुलांच्या वाट्याचे उत्तम जोडीदार घालविले.

आता आजच्या स्थितीकडे पाहू. मुलांस व्यायामाची हौस उरली नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण तो व्यायाम एकाकी होत चालला आहे. यंत्रावर एकट्याने धावावयाचे, कानांत स्वतःपुरते गाणे, हातात फोन, आणि आपली प्रगती आकड्यांत मोजावयाची. शरीर त्यानेही सुधारते. परंतु यंत्र कधी हूल देत नाही, थकल्यावर हात पुढे करीत नाही आणि पडल्यावर उठवीत नाही. उलट, जेथे जोडीचा सराव आहे तेथेही केवळ जिंकण्याची घाई झाली, तर दुबळा जोडीदार हे शिकण्याचे साधन न राहता मारण्याचे लक्ष्य होतो. दोन्हीकडे नुकसान सारखेच.

ज्या देवस्थानांपाशी आजही मोकळी जागा आहे, त्यांच्या विश्वस्तांस आमची विनंती आहे. दर सायंकाळी आरतीपूर्वी एक तास ती जागा मुलामुलींस द्यावी. साहित्य फारसे लागत नाही. वयाने आणि अंगाने सारख्या मुलांच्या जोड्या लावाव्यात. समोरासमोर हालचाल टिपण्याचा खेळ, थोड्या अंतरावरून पाठलाग, मागून कमरेचा पट्टा हलक्या हाताने धरून धावविणे, एकाने सोडलेला चेंडू दुसऱ्याने दुसरा टप्पा पडण्यापूर्वी झेलणे, इतके प्रकार आरंभास पुरे. प्रत्येक खेप पाचदहा सेकंदांची असावी, मग पुरता विसावा द्यावा आणि कामे उलटवावीत. जो पळाला त्याने पकडावे, ज्याने पकडले त्याने पळावे. दमलेल्या मुलास वेग शिकविता येत नाही, म्हणून दम लागल्यावर थांबावे. जमीन मऊ असावी, आणि लहान मुलांस ओढीचे काम बेताने द्यावे. आठवड्यास जोड्या बदलाव्यात, म्हणजे कोणी कोणावाचून राहणार नाही. आणि जोड लावताना आडनाव विचारू नये.

आपल्या शास्त्रांनी मनुष्यावर देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितले. आखाड्याने त्यांत न बोलता एकाची भर घातली आहे, ते जोडीदाराचे ऋण. मल्ल फड जिंकतो तेव्हा पागोटे त्याच्या मस्तकी चढते. पण ज्याने रोज पहाटे त्याच्यापुढे उभे राहून आपले अंग त्याच्या डावांस दिले, त्याचे नाव कोणी विचारीत नाही. इतिहासासही ती नावे ठाऊक नाहीत. मल्हाररावांच्या स्वारांपुढे बोथाटी घेऊन कोण उभा राहिला, गामाचे ते चाळीस सोबती कोण, खाशाबांशी मातीत कोण झटले, हे फार थोड्यांस सांगता येईल. तरीही जगाने पाहिलेला वेग त्यांनीच घडविला होता. हे ऋण फेडण्याचा उपाय एकच: आपण दुसऱ्या कोणाचे तरी जोडीदार व्हावे.

त्या सकाळी लालबागेतून निघताना आम्ही एकदा मागे वळून पाहिले. पाठलागाच्या भरात एक मुलगा गवतावर घसरून पडला होता. त्याला पकडावयास धावणारी मुलगी थांबली. तिने त्याला हात देऊन उठविले, त्याच्या गुडघ्याची माती झटकली, आणि दोघेही पुन्हा आपापल्या जागी जाऊन उभे राहिले. आता पळण्याची पाळी तिची होती.